फ्रान्सिस बिटर चुंबक प्रयोगशाळा : इलेक्ट्रॉन आणि केंद्रक एका यंत्रात

1990 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने ठरवले, की देशाची मोठी चुंबक प्रयोगशाळा यापुढे मॅसॅच्युसेट्समध्ये राहणार नाही; ती फ्लोरिडातील टॅलाहासी येथे नव्याने उभी राहील. बोस्टनच्या शेजारच्या केंब्रिजमध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (यापुढे एमआयटी) आवारात तीस वर्षे चाललेले काम एका निर्णयाने हातचे गेले. संस्थेने फेरविचाराची मागणी केली, तिचा उपयोग झाला नाही. ऑल्बनी स्ट्रीटवरची इमारत तशीच राहिली, पण राष्ट्रीय दर्जा गेला आणि त्याबरोबर येणारा पैसाही पुढच्या काही वर्षांत आटला. असा घाव बसल्यावर संस्था बहुधा मिटत जातात. फ्रान्सिस बिटर चुंबक प्रयोगशाळा मिटली नाही. इलेक्ट्रॉनचे (ईपीआर) आणि अणुकेंद्रकाचे (एनएमआर) चुंबकीय अनुस्पंदन एकाच यंत्रात जुळवण्याचे तिचे सर्वांत दूरगामी काम त्यानंतरच्या काळात फळाला आले.

या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी चुंबकीय अनुस्पंदनाशी या ना त्या नात्याने बांधलेले आहेत. कुणी औषधाच्या कारखान्यात रोज एनएमआरचे आलेख वाचतो, कुणी विद्यापीठात ईपीआर शिकवतो, कुणी प्रबंधासाठी यंत्राच्या वेळापत्रकात आपला क्रमांक लागण्याची वाट पाहतो. यंत्र समोर तयार असते, त्यामुळे ते कुणी, कशासाठी आणि किती वर्षे खपून बांधले, हा प्रश्न सहसा पडत नाही. म्हणून हा इतिहास मुद्दाम यंत्र बांधणाऱ्यांच्या बाजूने सांगतो आहे.

फ्रान्सिस बिटर (1902–1967) हे शिल्पकार कार्ल बिटर यांचे चिरंजीव. वेस्टिंगहाउस कंपनीत लोहचुंबकत्वावर काम करून 1934 मध्ये ते एमआयटीत आले, तेही पदार्थविज्ञान विभागात नव्हे, तर खाणकाम आणि धातुशास्त्राच्या विभागात. त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. लोखंडाचा गाभा असलेले विद्युतचुंबक साधारण दोन टेस्लापर्यंत चांगले चालतात. त्यापुढे लोखंड संपृक्त होते आणि कितीही प्रवाह वाढवला तरी क्षेत्र फारसे वाढत नाही. मग लोखंड काढून टाकायचे आणि नुसत्या तांब्यातून प्रचंड प्रवाह सोडायचा, हा एकच मार्ग उरतो. पण तसे केले की तांबे वितळायला लागते.

बिटर यांनी तारेची गुंडाळी सोडून दिली. तांब्याच्या गोल चकत्या घेतल्या, प्रत्येक चकतीला मध्यापासून कडेपर्यंत एक छेद दिला, चकतीभर भोके पाडली आणि मध्ये विद्युतरोधक थर घालून त्या एकीवर एक अशा रचल्या, की प्रवाह एका चकतीतून दुसरीत उतरत जिन्यासारख्या वळणाने जाईल. सगळ्या भोकांचे मिळून उभे मार्ग तयार झाले आणि त्यांतून जोराने पाणी सोडता आले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस या रचनेने 10 टेस्लाचे स्थिर क्षेत्र दिले. त्यासाठी 1.7 मेगावॉट वीज लागत होती. त्याआधी कापित्झा यांनी केंब्रिजमध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये, याहून प्रबळ क्षेत्रे निर्माण केली होती, पण ती सेकंदाच्या अंशापुरती टिकत. बिटर यांचे क्षेत्र तासन्‌तास टिकत असे. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या अतिप्रबळ चुंबकांत आजही हीच बिटर-चकती वापरतात. नव्वद वर्षांत तिच्या भोकांचा आकार बदलला, धातूची मिश्रणे बदलली, मूळ कल्पना बदलली नाही.

महायुद्धात बिटर नौदलासाठी चुंबकी सुरुंगांच्या प्रश्नावर काम करत होते. ते परतले तेव्हा त्यांच्या दारातच एक नवे शास्त्र जन्माला आले होते. डिसेंबर 1945 मध्ये पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी मेणातील हायड्रोजनच्या केंद्रकांचे अनुस्पंदन पकडले. तिघेही युद्धकाळात एमआयटीच्या रडार प्रयोगशाळेत होते आणि प्रयोग थोड्याच अंतरावरच्या हार्वर्डमध्ये झाला. त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये ब्लॉख यांच्या गटाने पाण्यात तेच पाहिले. इलेक्ट्रॉनचे अनुस्पंदन त्याआधी, 1944 मध्ये, कझानला झावोइस्की यांनी नोंदवले होते. दोन्ही विद्या अशा जवळजवळ एकाच वेळी जन्मल्या आणि पुढची कित्येक वर्षे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या माणसांच्या हाती वाढल्या.

बिटर यांचे लक्ष एका वेगळ्याच जोडीकडे गेले. अणूवर प्रकाश टाकायचा, त्याच वेळी रेडिओलहरीही सोडायच्या आणि रेडिओलहरींचा परिणाम प्रकाशात वाचायचा, ही कल्पना त्यांनी 1949 मध्ये मांडली. पॅरिसहून कास्लर यांचे शिष्य जाँ ब्रोसेल त्यांच्याकडे आले होते. ब्रोसेल आणि बिटर यांनी पाऱ्याच्या अणूंवर तो प्रयोग करून 1952 मध्ये प्रसिद्ध केला. दुहेरी अनुस्पंदन ही पद्धत तिथे रुजली. कास्लर यांना 1966 चे नोबेल मिळाले ते याच वाटेवरच्या कामासाठी. प्रयोगशाळेच्या पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने मला हा प्रयोग त्या चकत्यांइतकाच मोलाचा वाटतो. एका नमुन्यावर दोन वारंवारता एकदम सोडायच्या आणि एकीने घडवलेला बदल दुसरीने वाचायचा, हा विचार संस्थापकाच्या हयातीतच या घरात शिरला होता.

राष्ट्रीय चुंबक प्रयोगशाळा म्हणून संस्था उभी राहिली ती 1960 मध्ये, अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन विभागाच्या पैशावर. तिचे पहिले संचालक बेंजामिन लॅक्स. जन्म हंगेरीतला, काम अर्धवाहकांवरचे. अर्धवाहकांतल्या इलेक्ट्रॉनचे चक्रीय अनुस्पंदन मोजताना त्यांना अधिकाधिक प्रबळ क्षेत्र हवे होते आणि ते कुठेच मिळत नव्हते. नव्या प्रयोगशाळेतले विद्युतजनित्र आठेक मेगावॉट क्षमतेचे होते. एखाद्या शहराच्या पेठेला पुरेल एवढी ही वीज मुठीएवढ्या पोकळीभोवती खर्च व्हायची. 1967 मध्ये बिटर वारले आणि प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले.

पुढच्या दोन दशकांत तिथे झालेल्या कामांची नुसती नावे घ्यायची तरी जागा पुरणार नाही. डेव्हिड कोहेन यांनी चुंबकीय कवच असलेली खोली बांधली आणि 1969 च्या अखेरीस झिमरमन यांचे स्क्विड हे अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण आत नेऊन हृदयाचे चुंबकीय क्षेत्र स्वच्छ नोंदवले. 1981 मध्ये बेल प्रयोगशाळेचे डॅनियल त्सुई आणि होर्स्ट स्टॉर्मर आपला नमुना घेऊन इथल्या चुंबकाकडे आले आणि त्यांना अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणाम दिसला. त्याला 1998 चे नोबेल मिळाले. आपल्या विषयासाठी मात्र तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ब्रुनो कोप्पी यांच्या कल्पनेतले अल्काटोर हे अणुसंमीलनाचे यंत्र 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच उभारले गेले, कारण त्याला लागणारी वीज आणि चुंबक बांधणारी माणसे इथेच होती. त्यातून 1976 मध्ये शेजारीच स्वतंत्र प्लाझ्मा संमीलन केंद्र निघाले. प्लाझ्मा तापवायला प्रबळ सूक्ष्मलहरी लागतात. त्यामुळे सूक्ष्मलहरींच्या नळ्या बनवणारी माणसे आणि रेणूंचे अनुस्पंदन मोजणारी माणसे एकाच गल्लीत कामाला आली. हा शेजार कुणी योजून घडवला नव्हता.

आता मूळ अडचणीकडे येऊ. एनएमआर हे अत्यंत क्षीण संकेतांचे शास्त्र आहे. 9.4 टेस्लाच्या क्षेत्रात, म्हणजे ज्याला आपण 400 मेगाहर्ट्झचे यंत्र म्हणतो त्यात, सामान्य तापमानाला हायड्रोजनची एक लाख केंद्रके घेतली, तर क्षेत्राच्या दिशेची आणि विरुद्ध दिशेची यांच्यातला फरक साधारण तीनचा असतो. सगळा संकेत त्या तिघांचा. बाकीचे परस्परांना रद्द करतात. त्याच क्षेत्रात एक लाख सुटे इलेक्ट्रॉन घेतले तर हाच फरक दोन हजारांवर जातो, कारण इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे 658 पट आहे. इलेक्ट्रॉनची ही श्रीमंती केंद्रकाला देता आली तर?

1953 मध्ये इलिनॉय विद्यापीठात अल्बर्ट ओव्हरहाउझर या तरुण भौतिकीविदाने नेमके हेच सांगितले. धातूतल्या इलेक्ट्रॉनचे अनुस्पंदन प्रबळ सूक्ष्मलहरींनी संपृक्त केले, तर केंद्रकांचे ध्रुवीकरण, म्हणजे दोन दिशांमधला हाच फरक, शेकडो पटींनी वाढेल, असा त्यांचा दावा होता. वॉशिंग्टनच्या परिषदेत तो ऐकून मोठमोठ्या नावांनी अविश्वास दाखवला. त्याच वर्षी त्याच विद्यापीठात कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियमच्या भुकटीवर प्रयोग करून तो खरा ठरवला. त्यांनी निवडलेले क्षेत्र होते अवघे 30 गॉस. केंद्रकाची वारंवारता 50 किलोहर्ट्झ, इलेक्ट्रॉनची 84 मेगाहर्ट्झ. इतक्या खालच्या वारंवारता साध्या विद्युतमंडलांनी हाताळता येत होत्या, आणि ही निवड हीच त्यांची कारागिरी. 1956 मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉर्ज फेहर यांनी उलट दिशेने पूल बांधला. फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनमध्ये केंद्रकाला रेडिओलहरींनी हलवायचे आणि त्याची खबर इलेक्ट्रॉनच्या ठळक संकेतात वाचायची, ही ती पद्धत. तिलाच आपण एन्डोर म्हणतो. ओव्हरहाउझर यांच्या मार्गाचे व्यापक नाव गतिक केंद्रकीय ध्रुवीकरण, रोजच्या बोलण्यात डीएनपी.

दोन्ही पद्धती चालत होत्या, तरी तीन दशके डीएनपी मागे पडत गेली. तिचे सिद्धांत चुकले नव्हते. एनएमआरचे चुंबक मोठे होत गेले आणि सूक्ष्मलहरींचे उगम त्यांच्या मागे धावू शकले नाहीत, एवढेच. डेल्फ्टला विंड यांनी आणि अमेरिकेत मोजक्या गटांनी 1980 च्या दशकात 1.4 टेस्लावर, 40 गिगाहर्ट्झच्या क्लिस्ट्रॉन नळ्या लावून उत्तम काम केले. पण तोवर एनएमआरवाले 9 आणि 11 टेस्लावर पोहोचले होते. तिथे इलेक्ट्रॉनला 250 ते 300 गिगाहर्ट्झ लागतात. क्लिस्ट्रॉनची पोकळी तरंगलांबीच्या मापाची असावी लागते. वारंवारता वाढली की पोकळी बारीक होते, बारीक पोकळी उष्णता सहन करत नाही, आणि शक्ती झपाट्याने घसरते. या दरीमुळे दोन्ही विद्यांची माणसे एकमेकांच्या परिषदांनाही जाईनाशी झाली होती.

रॉबर्ट ग्रिफिन 1972 मध्ये या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्याआधी ते एमआयटीतच जॉन वॉ यांच्याकडे होते. घन पदार्थांतून रेखीव एनएमआर आलेख काढण्याची विद्या ज्यांच्या हातांनी घडली, त्यांपैकी वॉ एक. ग्रिफिन यांना प्रथिने मोजायची होती, तीही पेशीपटलात रुतलेली, ज्यांचे स्फटिक होत नाहीत आणि जी द्रावणात विरघळत नाहीत. संकेत कमी पडत होता. शेजारच्या संमीलन केंद्रात रिचर्ड टेमकिन जायरोट्रॉन बांधत होते.

जायरोट्रॉन ही 1960 च्या दशकात सोव्हिएत संघातील गॉर्की शहरात, आजच्या निझ्नी नोव्हगोरोदमध्ये, विकसित झालेली नळी. निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनचा झोत प्रबळ चुंबकीय क्षेत्रातून मळसूत्री मार्गाने जातो. वेगवान इलेक्ट्रॉनचे वस्तुमान सापेक्षतेच्या नियमाने किंचित बदलते, त्यामुळे फिरता फिरता त्यांचे पुंजके बनतात, आणि पुंजके आपली ऊर्जा सूक्ष्मलहरींना देतात. वारंवारता ठरते चुंबकीय क्षेत्रावरून, त्यामुळे पोकळी तरंगलांबीपेक्षा बरीच मोठी ठेवता येते आणि ती तापून नष्ट होत नाही. पण संमीलनासाठी लागतो क्षणभराचा, शेकडो किलोवॉटचा तडाखा. एनएमआरला हवी असते दहा-वीस वॉटची, पण दिवसेंदिवस न ढळणारी धार. त्यामुळे टेमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शक्ती कमी करण्यासाठी नळीची नव्याने रचना करावी लागली.

1993 मध्ये बेसेरा, गर्फेन, टेमकिन, सिंगल आणि ग्रिफिन यांचा शोधनिबंध आला. क्षेत्र 5 टेस्ला, इलेक्ट्रॉनसाठी 140 गिगाहर्ट्झ, प्रोटॉनसाठी सुमारे 211 मेगाहर्ट्झ. बीडीपीए हा मुक्त मूलक, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, मिसळलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये, सामान्य तापमानाला, प्रोटॉनचा संकेत दहापट आणि कार्बन-13 चा चाळीसपट वाढला. आकडे आज लहान वाटतील. पण जायरोट्रॉन लावून पाच टेस्लावर हे होऊ शकते, हे त्या दिवसापर्यंत कुणी दाखवलेले नव्हते.

यंत्राच्या पोटात शिरल्याशिवाय या माणसांनी काय केले ते कळणार नाही. 140 गिगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मिलिमीटरच्या थोडी पुढे. 211 मेगाहर्ट्झची जवळजवळ दीड मीटर. या दोन्ही लहरी एकाच नमुन्यावर, त्याच वेळी, एकमेकींच्या वाटेत न येता पोचवायच्या. सूक्ष्मलहरींसाठी बंद धातूची पोकळी हवी, रेडिओलहरींसाठी उघडी गुंडाळी. बंद पोकळीत रेडिओलहरी शिरत नाहीत आणि उघड्या गुंडाळीत सूक्ष्मलहरी थांबत नाहीत. 1999 मध्ये या गटाने एक तोडगा प्रसिद्ध केला: गुंडाळीच अशी बनवायची की तिची आतली भिंत सूक्ष्मलहरींना अखंड पोकळीसारखी भासेल आणि रेडिओलहरींना मात्र ती गुंडाळीच राहील. एकाच तुकड्यावर एन्डोर आणि डीएनपी दोन्ही चालू लागले. त्याच वर्षी 140 गिगाहर्ट्झच्या स्पंदित एन्डोरचे कामही छापून आले. जोअॅन स्टब यांच्या गटाबरोबर रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकरातल्या टायरोसिन मूलकाचा अभ्यास ग्रिफिन यांच्या याच उच्च वारंवारतेच्या यंत्रांवर झाला.

नमुना फिरवायचा असेल तर ही पोकळीही चालत नाही. घन पदार्थाच्या रेखीव आलेखासाठी नमुन्याची नळी क्षेत्राशी 54.7 अंशांच्या कोनात, सेकंदाला हजारो फेरे या गतीने फिरवावी लागते. मग सूक्ष्मलहरी फिरत्या नळीवर नुसत्या टाकाव्या लागतात, आणि अनुनादी पोकळीची मदत नसल्यामुळे शक्ती अधिक लागते. जायरोट्रॉन इथेच अपरिहार्य ठरतो. त्याला स्वतःचा अतिवाहक चुंबक लागतो आणि तो एनएमआरच्या चुंबकाच्या फार जवळ ठेवता येत नाही. दोघांची क्षेत्रे एकमेकांना बिघडवतात. म्हणून मधले काही मीटर अंतर लहरींना धातूच्या नळीतून न्यायचे. पाटाचे पाणी शेतात पोचेपर्यंत वाटेतच मुरावे, तशा या लहरी साध्या नळीत विरून जातात. उपाय म्हणून नळीच्या आतल्या भिंतीवर तरंगलांबीच्या अंशाएवढ्या बारीक खाचा कातल्या जातात. अशा खाचा अचूक कातणे हे लेथवरच्या कारागिराचे कसब आहे. शोधनिबंधांच्या आभारांच्या परिच्छेदात अशा कारागिरांची नावे सापडतात, आणि ती वाचावीत.

थंडीचा प्रश्न निराळाच. डीएनपी साधारण 90 केल्विनला छान चालते, पण नळी ज्या वायूच्या आधारावर तरंगते आणि फिरते तोच वायू इतका गार करायचा म्हणजे बहुधा नायट्रोजन वापरायचा आणि 77 केल्विनला त्याचे द्रव होऊ देता कामा नये. अरुंद पोकळीत, प्रबळ क्षेत्रात, गार वायूच्या झोतात, उच्च विद्युतदाबाची रेडिओमंडले ठिणगी न पडता चालवायची. भर म्हणजे जायरोट्रॉनची वारंवारता सहज बदलता येत नसे. त्यामुळे जुळणी करण्यासाठी एनएमआरचा चुंबकच किंचित वरखाली करावा लागे. कुठल्याही एनएमआरवाल्याला आपल्या चुंबकाचे क्षेत्र हलवणे नकोसे वाटते. इथे ते रोजचे काम झाले.

1997 मध्ये सायन्स नियतकालिकात हॉल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गोठवलेल्या ग्लिसरॉल-पाण्यात विरघळवलेले आर्जिनिन आणि टी4 लायसोझाइम हे प्रथिन, वाढ शंभरपटीपर्यंत. एनएमआर करणाऱ्याला या आकड्याचा अर्थ वेळेत कळतो. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर मोजणीच्या वेळेच्या वर्गमुळाने वाढते. म्हणून नुसत्या पन्नासपट वाढीने अडीच हजार दिवसांचे, म्हणजे जवळजवळ सात वर्षांचे मोजमाप एका दिवसात होते. सात वर्षांचा प्रयोग कुणी करत नाही. तेव्हा जे प्रयोग सुचलेही नव्हते, ते आता करता येऊ लागले.

पुढची उडी रसायनशास्त्रज्ञांमुळे पडली. घन पदार्थात ही देवाणघेवाण उत्तम होते ती दोन इलेक्ट्रॉन आणि एक केंद्रक अशा त्रिकुटात, जेव्हा त्या दोन इलेक्ट्रॉनच्या वारंवारतांमधला फरक केंद्रकाच्या वारंवारतेइतका भरतो. सुट्या मूलकांच्या द्रावणात असे जोडीदार योगायोगाने जवळ यावे लागतात, म्हणून मूलक भरपूर घालावे लागत, आणि त्यामुळे आलेख खराब होई. मग दोन मूलक एकाच रेणूत का बांधू नयेत? एमआयटीतल्याच टिम स्वेगर यांच्या गटाबरोबर 2004 मध्ये पहिले द्विमूलक आले आणि 2006 मध्ये पाण्यात विरघळणारे टोटापोल. त्याने 5 टेस्लावर सुमारे 290 पट वाढ दिली. यंत्राचा हा भाग काचपात्रात बनला होता, तरी मी त्याला यंत्राचाच भाग मानतो.

तोवर यंत्रेही वर सरकत होती. 250 गिगाहर्ट्झचा जायरोट्रॉन 9 टेस्लाच्या, 380 मेगाहर्ट्झच्या यंत्राला जोडला गेला आणि शक्तीत फारसा चढउतार न होता सलग कित्येक दिवस चालला. पाठोपाठ 460 गिगाहर्ट्झची नळी आली. या 250 गिगाहर्ट्झच्या यंत्रावर ब्रँडाइस विद्यापीठाच्या ज्युडिथ हर्झफेल्ड यांच्या सहकार्याने बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच्या प्रकाशचक्रातल्या अल्पजीवी अवस्था गोठवून पाहिल्या गेल्या. विक्रम बजाज पहिले लेखक असलेला तो निबंध 2009 चा. त्यासाठी यंत्रात तिसरी वाटही पाडावी लागली होती, नमुन्यावर प्रकाश टाकण्याची. रेडिओलहरी, सूक्ष्मलहरी आणि प्रकाश, तिन्ही एकाच नमुन्यावर. बिटर आणि ब्रोसेल यांच्या पाऱ्याच्या प्रयोगाला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

ग्रिफिन यांच्या विद्यार्थिनी मेलनी रोझे पुढे मॅसॅच्युसेट्समधल्याच बिलेरिका येथे ब्रुकर कंपनीत गेल्या आणि 263 गिगाहर्ट्झ व 400 मेगाहर्ट्झ अशा जोडीचे पहिले बाजारी यंत्र तिथे तयार झाले. 2010 च्या सुमारास ते युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत बसू लागले. त्याचा जायरोट्रॉन बनवणारी कॅलिफोर्नियातली सीपीआय ही कंपनी मूळच्या व्हेरियनच्या नळ्यांच्या कारखान्यातून निघालेली. ब्लॉख यांच्या शोधातून पहिली विक्रीची एनएमआर यंत्रे याच व्हेरियनने बनवली होती. ओव्हरहाउझर यांच्या भाकितापासून दुकानात मिळणाऱ्या यंत्रापर्यंत साडेपाच दशके लागली आणि त्यांतली अवघड वीस वर्षे ऑल्बनी स्ट्रीटवर गेली. 1992 पासून प्रयोगशाळेचे संचालकपद ग्रिफिन यांच्याकडे होते, म्हणजे राष्ट्रीय दर्जा जाण्याच्या सगळ्या पडझडीत हे काम तगवण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. पुढे प्रयोगशाळा प्रशासकीय दृष्ट्या त्या शेजारच्या संमीलन केंद्रातच सामावली गेली, जे एकेकाळी तिच्यातून निघाले होते.

आपल्याकडे या कथेचा एक धागा येतो आणि तो मुंबईत पोचतो. 1951 मध्ये स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत इथाइल अल्कोहोलच्या आलेखात तीन वेगळ्या रेषा दिसल्या, आणि एनएमआर रसायनशास्त्राचे साधन झाले. त्या निबंधाचे लेखक तिघे: अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. त्यांतले श्रीनिवास धर्मट्टी भारतात परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. त्याच संस्थेत इलेक्ट्रॉनच्या बाजूचे, ईपीआरचे काम कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या बी. वेंकटरमण यांनी सुरू केले. एकाच संस्थेत दोन्ही विद्यांची माणसे होती, आणि त्या काळी बरीचशी साधने हाताने जुळवावी लागत. केंब्रिजच्या प्रयोगशाळेचा इतिहास आपल्याला सांगता येतो, कारण तिथल्या माणसांनी गुंडाळीचा आकार, नळीतल्या खाचा, फसलेल्या जुळण्या, सगळे लिहून छापले. आपल्याकडच्या कार्यशाळांचा असा इतिहास फार थोडा लिहिला गेला आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात, विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत कुणी ईपीआर वा एनएमआरचे यंत्र स्वतः बांधले असेल, दुरुस्त करून वाढवले असेल, तर त्याच्या वह्या, आराखडे आणि छायाचित्रे रद्दीत जाऊ देऊ नका. ज्या तंत्रज्ञांनी लेथवर ते भाग कातले ते अजून भेटण्याजोगे असतील, तर त्यांना भेटा, त्यांनी काय आणि कसे केले ते विचारून लिहून घ्या, आणि ते लिखाण संस्थेच्या ग्रंथालयात त्यांच्या नावासह जमा करा.